‘रद्द करा’ अर्धंच का दिसतं?

२०२२ साली केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली आणि गावच्या विकास सोसायटीचं दप्तरही स्क्रीनवर येऊ लागलं. कोयना खोऱ्यातल्या पाटणसारख्या तालुक्यात हा कारभार मराठीतच व्हायला हवा. मग सॉफ्टवेअर घेताना सहसा कोणी न विचारलेला प्रश्न विचारायला हवा: स्क्रीनवरच्या बटणांच्या नि रकान्यांच्या जागा ठरवल्या कशा? एक रीत म्हणजे पिक्सेल मोजून प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठोकायची. व्हिज्युअल बेसिकने तीच अंगवळणी पाडली. दुसरीत फक्त नियम सांगायचे, मापं लेआउट मॅनेजर काढतो. मराठीसाठी दुसरीच हवी. इंग्रजी ‘ओके’च्या मापाने बेतलेल्या बटणात ‘रद्द करा’ घातलं की ‘द्द’चा खालचा भाग कापला जातो, ‘नेम’च्या जागी ‘वडिलांचे / पतीचे नाव’ आलं की शेवटचा शब्द शेजारच्या रकान्याखाली गडप. विंडोजमध्ये अक्षर १२५ टक्के केलं की आणखी गोंधळ. १३६६ बाय ७६८च्या लॅपटॉपवर ‘जतन करा’ स्क्रीनच्या बाहेरच गेलं, तर क्लार्कने करायचं काय? लिब्रेऑफिससारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हे उशिराच उमगलं. ठरीव मापांच्या जुन्या चौकटी त्यांनी २०१३च्या ४.० आवृत्तीपासून टप्प्याटप्प्याने बदलल्या.

प्रोग्रॅमर म्हणतील, लेआउट मॅनेजर ही डोकेदुखी आहे. खोटं नाही. जावाच्या ग्रिडबॅगलेआउटमध्ये एकेका वस्तूसाठी अकरा गोष्टी ठरवता येतात, आणि त्यातली एक चुकली तरी फॉर्म विस्कटतो. मग तो वापरू नका. २००६च्या जावा ६मधला ग्रुपलेआउट नेटबीन्स या प्रोग्रॅमिंगच्या साधनात माउसने ओढून मांडता येतो. क्यूटी या टूलकिटमध्ये नाव-रकाना अशा जोड्यांसाठी फॉर्मलेआउट तयारच आहे, आणि कर्जाच्या अर्जाला त्याहून जास्त क्वचितच लागतं. पिक्सेल मोजून काम लवकर उरकतं, हेही खरं. पण वाचलेला तो वेळ पुढे रोज काउंटरवरच्या माणसाच्या खात्यावर चढतो. आता सगळं ब्राउझरमध्येच जाणार, असाही एक आक्षेप असतो. तिथेही ग्रिड आणि फ्लेक्सबॉक्स या मांडणीच्या पद्धती नियमांनीच चालतात. शिवाय कोयना खोऱ्यात रेंज गेली म्हणून काउंटर बंद ठेवता येत नाही, तेव्हा संगणकात बसवलेलं सॉफ्टवेअर इतक्यात सुटणारं नाही.

संचालक मंडळांना म्हणूनच सांगणं आहे: डेमो बघताना अक्षर १५० टक्के करायला लावा, सर्वांत लांबलचक नावाचा सभासद भरून पाहा, आणि शेवटचं बटण अख्खं दिसलं तरच सही करा.