रोल धुवायला खडकवासल्याचंच पाणी

गेल्या रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर, कणसाच्या गाडीशेजारी, इंजिनीअरिंगच्या एका मुलाने आजोबांचा अॅग्फा क्लिक थ्री माझ्या हातात ठेवला. "काका, हा चालेल, की चांगला कॅमेरा घेऊ? पाच हजार जमवलेत." हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो, म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथेही देतो.

ते पाच हजार कॅमेऱ्यात घालू नकोस. रोलमध्ये घाल, आणि रोल घरी धुवायला लागणाऱ्या सामानात घाल.

क्लिक थ्री बडोद्यात बनलेला. १२० चा रोल, १२ चौकोनी फोटो, फोकस लावायची भानगड नाही. चांगलं ऊन असेल तर आजही काम देतो. घरात असा कॅमेरा नसेल, तर आधी मामा-काकांचे माळे बघावेत; याशिका एमएफ-२ कुणाकडे तरी निघतोच. मग पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथे एसएलआर मिळाला तर पैसे देण्याआधी मागचं झाकण उघडा, शटर 'बी'वर ठेवून दाबून धरा आणि लेन्समधून आभाळाकडे बघा. कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. चामडी केसमध्ये पावसाळे काढलेल्या लेन्सला ती हटकून धरते. असा कॅमेरा परत ठेवा. झाकणाच्या खाचेतला काळा फोम डांबरासारखा बोटाला चिकटला तर मात्र घाबरू नका, तो थोडक्यात बदलता येतो.

खरा खर्च रोलचा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल एके काळी आपल्याकडे बनायचा. तो कारखाना बंद पडला आणि आता रोल परदेशातून येतात. समजा ३६ फोटोंचा रोल ९०० रुपयांना पडला, तर एक खटका २५ रुपयांचा. माझा पहिला रोल पूर्ण कोरा निघाला, कारण फिल्मचं टोक स्पूलमध्ये अडकलंच नव्हतं. तेव्हापासून लिव्हर ओढताना रिवाइंडची चावी फिरते का, ते मी दर वेळी बघतो. नव्या माणसाने एवढी एक सवय लावून घेतली तरी एक रोल वाचतो.

लाइट मीटरही लगेच लागत नाही. लख्ख उन्हात अॅपर्चर एफ-१६, शटर रोलच्या आयएसओच्या आसपास: १०० ला १/१२५, ४०० ला १/५००. ढग दाटले की एफ-८. चौपाटीवर संध्याकाळी पाणी चमकतं, तेव्हा मीटर असेल तर मोजमाप पाण्याचं नको, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचं करा. पलीकडे लष्कराची प्रबोधिनी, एनडीए आहे, तिकडे लेन्स रोखू नका. मनाईच्या पाट्या पाळा.

सुरुवात कृष्णधवल रोलनेच करा, कारण तो घरी धुता येतो. रात्री मोरीत पूर्ण अंधार करून फिल्म डेव्हलपिंगच्या बंद टाकीत भरायची. पुढचं डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर सगळं दिवा लावून. डेव्हलपर २० अंशांवर हवा, त्यामुळे उन्हाळ्यात परातीत बर्फ घालून बाटली थंड करावी लागते. वापरलेल्या फिक्सरमध्ये फिल्मवरची चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतला की मुठा नदीला जाणार. तो कॅनमध्ये साठवा. पुन्हा वापरता येतो, आणि संपल्यावर चांदी काढून घेणाऱ्याकडे द्या.

याच मुठेला १२ जुलै १९६१ ला पूर आला: पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि पुणं बुडालं. त्या पुराचे जे फोटो आपण बघतो, ते अशाच फिल्मवर उतरले. पुढे खडकवासल्याचं धरण पुन्हा उभं राहिलं. आज पुण्याच्या नळाला त्याचंच पाणी येतं. आमच्या मोरीत चिमट्यांनी लटकवलेल्या निगेटिव्हवर जलाशय काळा दिसतो आणि त्याच जलाशयाचा थेंब त्यावरून खाली ओघळतो. तो तिथेच वाळला तर क्षारांचा पांढरा डाग पडतो, म्हणून शेवटची खळखळ तेवढी आरओ फिल्टरच्या पाण्यात.