चारुदत्ताची भिंत

शहरातील एखादी आळी रंगभूमीवर उभी करावयाची असे ठरले, की नेपथ्यकाराच्या डोळ्यांपुढे प्रथम घरे उभी राहतात. ओटा, सज्जा, दिव्याचा खांब, दोरीवरचे धोतर, सारेच त्याला हवेसे वाटते. संगीत नाटकात ही हौस फार लवकर अंगाशी येते. गाणाऱ्या नटास उभे राहावयास मोकळी जागा लागते, त्याची व साथीदारांची दृष्टादृष्ट व्हावी लागते, आणि अंकोअंकी घरे हलवावयाची तर प्रेक्षकांस पडद्याकडे पाहत ताटकळावे लागते.

आपल्या जुन्या मंडळ्यांनी यावर गुंडाळीच्या पडद्यांचा तोडगा काढला होता. रस्त्याचा पडदा पुढे सोडावा, पात्रांनी त्यापुढे पदे म्हणावी, आणि तोवर मागे दिवाणखाना मांडून व्हावा. आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्यासारख्या कोल्हापूरच्या कलावंतांनी असे पडदे रंगविण्यात नाव मिळविले. पुढे १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, त्या सुमारास खरीखुरी वाटणारी खोली प्रेक्षकांच्या अंगवळणी पडू लागली. परंतु खोलीला तीन भिंती पुरतात, तशा त्या आळीला पुरत नाहीत. आळी म्हणजे घरे नव्हेत. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचे चालणे म्हणजे आळी.

हा विषय निघण्याचे कारण असे, की आमच्या पेठेतील काही तरुणांनी गणेशोत्सवासाठी देवलांचे ‘संगीत मृच्छकटिक’ बसविण्यास घेतले आहे. त्यांच्यातील एकाने नेपथ्याचे चित्र काढून आणले. हात चांगला आहे मुलाचा. पण चित्रात चारुदत्ताचे घर म्हणून जे होते, ती एक झोपडी होती. छप्पर खचलेले, खांब कललेला, दाराला फाटके किंतान. मी विचारले, “हे कोणाचे घर?” तो म्हणाला, “चारुदत्ताचे. तो दरिद्री आहे ना, गुरुजी!”

चारुदत्त दरिद्री आहे हे खरे. परंतु तो दरिद्री झालेला आहे. या दोहोंतील अंतर प्रेक्षकांस भिंतीवरून कळले पाहिजे, आणि याविषयी शूद्रकाने नेपथ्यकारास संदेहाला जागाच ठेवलेली नाही. तिसऱ्या अंकातील शर्विलकाचा प्रसंग मूळ संस्कृतातून पाहावा. शर्विलक हा चोर, पण शास्त्र जाणणारा ब्राह्मण चोर. भोक पाडण्यापूर्वी तो भिंतीची परीक्षा करितो. भाजलेली वीट असेल तर ती ओढून काढावी, कच्ची असेल तर कापावी, मातीचे लिंपण असेल तर पाण्याने भिजवावे, लाकूड असेल तर फोडावे, असे त्याचे शास्त्र सांगते. चारुदत्ताची भिंत भाजलेल्या विटांची निघते. भोकाच्या सात आकृत्यांपैकी तो पूर्णकुंभाची आकृती निवडतो. मोजमापाची दोरी घरी विसरलेली असते, म्हणून यज्ञोपवीतानेच मापे घेतो. (यज्ञोपवीताचा हा उपयोग वर्गात सांगताना दरवर्षी हशा पिकत असे.)

मग तो आत शिरतो आणि फसतो. आत मृदंग आहे, वीणा आहे, बासऱ्या आहेत, पोथ्या आहेत. द्रव्य मात्र कोठेच नाही. हे एखाद्या नाट्याचार्याचे घर की काय, अशी त्याला शंका येते. घराचा बाह्य डौल पाहून आपण आत आलो, असे तो स्वतःच म्हणतो. आता मला सांगा, झोपडीचा डौल पाहून कोणता शहाणा चोर फसेल? बाहेरून भव्य आणि आतून रिते, हेच त्या घराचे रूप आहे. असे वाडे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहेत, काहींनी आतूनही पाहिले आहेत. दिंडी दरवाज्याचे पितळी खिळे जागच्या जागी असतात, आणि माजघरातील हंडे एकामागून एक गेलेले असतात. पाहुणा आला म्हणजे घरातील मंडळी त्याला ओसरीवरच गुंतवून ठेवितात. चारुदत्ताचे दारिद्र्य या जातीचे आहे. त्याची झोपडी केली की प्रेक्षक त्याची कीव करतील, आणि ज्याचा त्याला संकोच वाटतो ती गोष्टच नाहीशी होईल.

या नाटकात घरापेक्षा भिंतीला काम अधिक आहे. पहिल्या अंकात काळोखात शकार वसंतसेनेच्या पाठीस लागतो. चारुदत्ताचे घर डावीकडेच आहे, असे तो मूर्ख बडबडून जातो, आणि ती भिंत चाचपीत बाजूच्या दारापर्यंत पोहोचते. पुढे गाड्यांची अदलाबदल होते तीही त्याच दारापाशी. म्हणजे जी भिंत वसंतसेनेचा हात चाचपतो, तिलाच शर्विलकाचा हात लागतो. मुलांस मी इतकेच सुचविले, की डावीकडे एक उंच, भक्कम, विटांची भिंत व तीत एक बाजूचे दार एवढेच खरे बांधावे. बाकीचा रंगमंच मोकळा असू द्यावा.

“मग बाकीची उज्जयिनी कोठे?” असा प्रश्न आलाच. तो भरतमुनींनी फार पूर्वी सोडविला आहे. चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद अशा मध्यम नाट्यगृहाचे माप नाट्यशास्त्रात दिले आहे. त्यातील निम्मी लांबी प्रेक्षकांकडे जाते. नेपथ्यगृह वगळता पात्रांच्या वाट्यास अवघी सोळा हात खोली उरते. एवढ्या जागेत नगरे, वने, पर्वत मावविण्यासाठी कक्ष्याविभाग सांगितला आहे. पात्राने रंगपीठावर फेरी घातली की स्थळ बदलले, असा तो संकेत. दुसऱ्या अंकात जुगारात हरलेला संवाहक उलट्या पावलांनी रिकाम्या देवळात शिरतो व स्वतःच मूर्ती होऊन उभा राहतो. तेथे देऊळ बांधण्याची गरज नाही. मूर्ती झालेला नट पुरेसा आहे.

आतील घर दाखविण्यास वाद्येच ठेवावीत. घरात उरलेली संपत्ती तेवढीच, आणि संगीत नाटकास ती शोभूनही दिसते. दार मात्र करकरले पाहिजे. घर जुने झाल्यामुळे कवाड वाजते, आणि ते वाजू नये म्हणून शर्विलक पाणी शोधतो, असे मुळातच आहे.

भोकाविषयी मी थोडा हट्ट धरला. सकाळी चोरी उघडकीस येते तेव्हा चारुदत्त आधी त्या भोकाच्या सुबकपणाची वाखाणणी करितो, आणि चोर अगदीच रिकाम्या हाताने गेला नाही हे कळल्यावर त्याला बरे वाटते. तेव्हा तो पूर्णकुंभ घाटदार झाला पाहिजे व शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे. विटा पुठ्ठ्याच्या करून आत चिंध्या भरावयाच्या ठरले आहे, म्हणजे ओढताना आवाज होणार नाही. रंग गेरूचा. मात्र ज्या जागी भोक पाडावयाचे, तेथे तळाशी लोण्याचा पांढुरका पट्टा चुन्याने काढावयास मी सांगितले आहे. कारण रोज सूर्यास दिलेल्या अर्घ्याचे पाणी तेथे पडून जमीन खाऱ्याने झिजलेली असते, आणि अंधारात शर्विलकाच्या हाताला आधी तीच लागते.