दहावीच्या वर्षी धावणे बंद?

दिवाळीच्या सुट्टीत मी जबलपूरला, सदरमधल्या आमच्या घरी गेलो होतो. शेजारचे वकीलकाका फराळाला आले. ते हायकोर्टात वकिली करतात. मला पुढे कायदा शिकून सैन्याच्या जॅग शाखेत, म्हणजे कायदा विभागात, जायचे आहे हे बाबांनी त्यांना कौतुकाने सांगितले आणि लगेच पुढे म्हणाले, "म्हणून या वर्षी क्रॉस कंट्री बंद. हाऊसमास्टरांना तसं पत्रच देतोय." काका चकली मोडत म्हणाले, "बरोबर आहे. कोर्टात पाय नाही, डोकं चालतं."

सगळे हसले. मीही हसलो, कारण तेव्हा उत्तर सुचले नाही. ते आता लिहितो.

राल्फ शोव्ह नावाचे एक इंग्रज नौकानयनपटू होते. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये ते ब्रिटनच्या आठ वल्ह्यांच्या नावेत होते. (याच ऑलिम्पिकला आपले फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि 19वे आले. मी धावणारा, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.) नावांची शर्यत ब्रसेल्सजवळच्या कालव्यात झाली. अंतिम फेरीत समोर अमेरिकेची नाव होती आणि तिच्यात अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीचे कॅडेट! कॅडेटांनी 6 मिनिटे 2.6 सेकंदांत शर्यत जिंकली. ब्रिटनला 6 मिनिटे 5 सेकंद लागले. शोव्ह यांना रौप्यपदक मिळाले आणि पुढे ते इंग्लंडमध्ये काउंटी कोर्टाचे न्यायाधीश झाले. या कोर्टात खून-दरोडे नसतात, दिवाणी दावे असतात. कुणाचे पैसे थकले, कुणाचे घरभाड्याचे भांडण.

वल्हे मारणाऱ्याची पाठ शेवटच्या रेषेकडे असते. पुढचे फक्त कॉक्सला दिसते. तुम्ही पुढे असाल तर मागे पडलेली नाव डोळ्यांसमोर असते. तुम्ही मागे असाल तर समोर नुसते पाणी. तरी ठेका सोडायचा नाही, आणि 2.4 सेकंदांनी हरलात तर निकाल मान्य करायचा. दाव्यात एक बाजू हरतेच. हरणे काय असते हे ज्याच्या छातीला आणि पायांना माहीत आहे, तो न्यायाधीश हरणाऱ्याचेही म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेईल, असे मला वाटते. हे नुसत्या पुस्तकांतून शिकता येत असेल तर काकांनी मला सांगावे.

मात्र एवढेच लिहून थांबलो तर ती लबाडी होईल. शोव्ह केंब्रिजला शिकलेले. तिथे पुस्तके आणि नदी दोन्ही हाताशी. आपल्याकडचे ऑलिम्पिक नौकानयनपटू दत्तू भोकनळ यांचे तसे नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्यांचे गाव, दुष्काळी भागातले. वडिलांबरोबर त्यांनी विहिरी खोदल्या, पेट्रोल पंपावर काम केले. खेळ की अभ्यास, हा प्रश्न त्यांना विचारणार कोण? 2012 मध्ये ते सैन्यात गेले, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, आणि वल्हे हातात आले ते त्यानंतर. चार वर्षांत ते रिओ ऑलिम्पिकला होते आणि एकेरीत 13वे आले. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आजारी असल्यामुळे ते एकेरीत सहावे आले, आणि दुसऱ्याच दिवशी तीन साथीदारांबरोबर चौघांच्या नावेत सुवर्णपदक जिंकले. अशा माणसाला कायदा शिकायची संधी विसाव्या वर्षी मिळाली असती तर तो आज कुठे असता, कोण सांगणार?

आम्हाला मात्र दोन्ही मिळते. सकाळी पीटी, मग वर्ग, संध्याकाळी गेम्स, रात्री प्रेप, सगळे एकाच घंटेवर. मिळणाऱ्यातला अर्धा भाग दहावीच्या वर्षी आपल्या हाताने काढून टाकायचा, हे मला पटत नाही. आणि संध्याकाळचा तो एक तास रिकामा झाला तर तिथे अभ्यासच होईल, असे ज्या पालकांना वाटते त्यांनी एकदा आमच्या डॉर्मिटरीत येऊन बघावे.

बाबांचीही बाजू आहे. सहामाहीत गणितात मला 80 पैकी 51 पडले. पण दोष मैदानाचा नाही. त्या दिवसांत मी प्रेपमध्ये वहीखाली कादंबरी ठेवून वाचत होतो. हे हाऊसमास्टर सरांना आत्ताच कळते आहे, त्याबद्दल माफी असावी.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी बाबांना म्हटले, "प्री-बोर्डपर्यंत थांबा. 65 च्या खाली आलो तर मीच संघातून नाव काढून घेईन." बाबा काही बोलले नाहीत. पत्र त्यांनी पाकिटात घातले, पण पाकीट चिकटवले नाही. हा अंक सदरला पोचेल तेव्हा माझे गुणही पोचलेले असतील.