खोडायला एक क्लिक, लिहायला ऐंशी वर्षं

2025 च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या वेबसाइटवरून एक पान गायब झालं. ते पान होतं मेजर जनरल चार्ल्स रॉजर्स यांचं. 1968 मध्ये व्हिएतनाममध्ये तीनदा जखमी होऊनही या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने आपला तळ पडू दिला नव्हता. त्यासाठी त्यांना 'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं होतं. पान तर गेलंच, वर त्याच्या वेब पत्त्यात 'मेडल' या शब्दाआधी 'डीईआय' ही तीन अक्षरं येऊन चिकटली. डीईआय म्हणजे विविधता, समता आणि समावेशकता. ट्रम्प सरकारने या धोरणांची साफसफाई काढली होती आणि त्या झाडूखाली 1990 मध्ये वारलेला एक सैनिकही आला. आरडाओरडा झाला, तेव्हा पान परत दिसू लागलं.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. वेबसाइटवरचं पान म्हणजे काही सर्व्हिस रेकॉर्ड नाही. रॉजर्स यांचं पदक कुणी काढून घेतलं नव्हतं. पण त्या बातमीनंतर माझ्या डोक्यात एक उलटा प्रश्न आला. नाव पुसायला एवढासा वेळ लागतो, तर राहून गेलेलं नाव लिहायला किती लागतो? विशेषतः तो सैनिक जिवंतच नसेल तर?

कमावलं, पण चढलं नाही

अमेरिकेत सैन्यातून बाहेर पडताना सैनिकाला एक कागद मिळतो. 1950 पासून त्याला 'डीडी-214' म्हणतात. कुठे नोकरी केली, किती वर्षं, कोणती पदकं, सगळं त्यावर. आपल्याकडच्या सर्व्हिस बुकचा एका पानात काढलेला सारांशच समजा. पेन्शन, सवलती, दफनभूमीतली जागा, सगळं या कागदावर चालतं. सरकारी खर्चाने बसवलेल्या थडग्याच्या दगडावर 'पर्पल हार्ट' कोरायचं असेल, तरी पुरावा लागतो.

पदक कागदावर न येण्याची कारणं साधारण तीन. एक, कारकुनाची चूक. पदक दिलं, नोंद राहिली. दोन, सैनिक पात्र होता, पण प्रक्रियाच कुणी केली नाही. याचं मस्त उदाहरण म्हणजे 1947 चा नियम. दुसऱ्या महायुद्धात ज्यांना लढणाऱ्या पायदळाचा किंवा रणांगणावरच्या वैद्यकीय सेवकाचा बॅज मिळाला होता, त्यांना 'ब्राँझ स्टार'ही द्यायचा, असं ठरलं. पण तोपर्यंत जवान घरी जाऊन शेतीला, कारखान्याला लागले होते. अर्ज करायचा असतो, हे अनेकांना कळलंच नाही. आणि तिसरं कारण सगळ्यात वाईट. शिफारस झाली, पण वर कुठेतरी ती अडली किंवा अडवली गेली.

सैनिक वारला असेल तर पती किंवा पत्नी, मुलं किंवा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करू शकतात. 'डीडी-149' नावाचा फॉर्म भरायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा आणि तो लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे पाठवायचा. या मंडळांचं मूळ 1946 च्या कायद्यात आहे. त्याआधी एकेका माणसाची नोंद सुधारायला अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, स्वतंत्र विधेयक आणावं लागायचं! फॉर्मला फी नाही. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर मंडळ ती माफ करू शकतं.

ऐकायला सोपं वाटतं ना? गोम पुढे आहे. मंडळ सुरुवात करतं ती 'सरकारी नोंद बरोबर आहे' असं गृहीत धरून. ती चुकीची आहे, हे सिद्ध करायचं घरच्यांनी. म्हणजे कागद तयार करणारं सरकार, सांभाळणारं सरकार आणि तो सापडत नसेल तर पुरावा आणायचा म्हातारीने.

आगीत गेलेल्या फायली

12 जुलै 1973. सेंट लुईस शहराजवळच्या राष्ट्रीय कर्मचारी नोंदणी केंद्राच्या वरच्या मजल्याला आग लागली. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली जळाल्या. 1912 ते 1960 या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे 80 टक्के फायली त्यात गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, सूचीसुद्धा नव्हती. दोन्ही महायुद्धं आणि कोरियाचं युद्ध, तिन्ही या काळातली. तेव्हापासून आजपर्यंत पगारपत्रकं, तुकड्यांचे रोजचे अहवाल, दवाखान्याच्या नोंदी जोडून फायली पुन्हा उभ्या करायचं काम चालू आहे.

या आगीची झळ बसलेलं एक नाव म्हणजे वेव्हर्ली वुडसन. 6 जून 1944, नॉर्मंडीचा ओमाहा बीच. वुडसन हे 320 व्या बराज बलून बटालियनचे मेडिक, म्हणजे रणांगणावर प्रथमोपचार करणारे. ही पूर्ण कृष्णवर्णीय जवानांची तुकडी होती. किनाऱ्यावर पोचता पोचताच ते स्वतः जखमी झाले. तरी त्यांनी तिथेच उपचार केंद्र थाटलं आणि सुमारे 30 तास काम करत किमान 200 जखमींना हात दिला. त्यांच्या अधिकाऱ्यांनी मोठ्या पदकासाठी शिफारस केली होती. हातात आलं ते कमी दर्जाचं पदक.

2005 मध्ये वुडसन गेले. त्यांच्या पत्नीने पाठपुरावा सोडला नाही. लष्कराचं उत्तर ठरलेलं होतं, पुरेसे कागद नाहीत. फाइल आगीत गेलेली. लिंडा हर्वियू या पत्रकार महिलेने या बटालियनवर संशोधन करताना अर्काइव्हमधून जुनी कागदपत्रं शोधली, त्यात वुडसन यांच्यासाठी 'मेडल ऑफ ऑनर'चा विचार झाल्याचा उल्लेख निघाला. शेवटी जून 2024 मध्ये लष्कराने त्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' जाहीर केला. हे दुसऱ्या क्रमांकाचं शौर्यपदक. पत्नीने तोवर नव्वदी ओलांडली होती आणि घटनेला 80 वर्षं होत होती.

ओमाहानंतर पाचेक आठवड्यांनी, 10 जुलै 1944 ला, इटलीत आपल्या माणगावचे नाईक यशवंत घाडगे मशिनगनच्या माऱ्यात एकटे पुढे धावले. सोबतचे सगळे पडले होते. त्यांनी ते ठाणं घेतलं आणि तिथेच ते मारले गेले. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर 'व्हिक्टोरिया क्रॉस' जाहीर झाला. ब्रिटिश फार समतावादी होते, असं अजिबात नाही. 1911 पर्यंत भारतीय सैनिक या पदकाला पात्रच नव्हते. पण 1944 मध्ये दार उघडं होतं आणि घाडग्यांचा पराक्रम वेळेत कागदावर उतरून वरपर्यंत पोचला. त्याच महायुद्धात अमेरिकेने चारशेहून जास्त 'मेडल ऑफ ऑनर' दिली. दहा लाखांहून जास्त कृष्णवर्णीय सेवेत होते. त्यातल्या एकालाही त्या काळात ते मिळालं नाही. आता हे काही आगीमुळे झालं नव्हतं.

कागद दोन्ही बाजूंनी कापतो

पण लष्कराची बाजूही बघायला हवी. खोटी पदकं मिरवणारे लोक असतात. अमेरिकेत फायद्यासाठी असं करणाऱ्यांविरुद्ध 2013 मध्ये कायदा करावा लागला. आजोबांची प्रत्येक गोष्ट खरी धरली, तर ज्यांनी खरंच रक्त सांडलं त्यांच्या पदकाची किंमत काय राहील? पुरावा मागणं चूक नाही.

हेन्री जॉन्सन यांची केस याच कारणाने डोक्यातून जात नाही. पहिल्या महायुद्धात, मे 1918 मध्ये, फ्रान्समधल्या एका चौकीवर त्यांनी रात्री जर्मन टोळीशी झुंज दिली, शेवटी सुरा घेऊन. 21 जखमा झाल्या. फ्रान्सने त्यांना लगेच पदक दिलं. मायदेशात डिस्चार्जच्या कागदावर जखमांचा उल्लेखही नव्हता. 1929 मध्ये ते गरिबीत वारले. 'पर्पल हार्ट' 1996 मध्ये, 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' 2002 मध्ये आणि जनरल पर्शिंग यांचा त्या काळचा अहवाल एका सिनेटरच्या ऑफिसला सापडल्यावर 2015 मध्ये 'मेडल ऑफ ऑनर'. पण त्याच वेळी लष्कराने वंशावळ तपासली आणि वर्षानुवर्षं झगडलेल्या कुटुंबाला सांगितलं की, कागदोपत्री तुम्ही त्यांचे रक्ताचे वारस नाही. पदक न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका सार्जंटने स्वीकारलं.

त्यांचं नाव 2023 मध्ये लुइझियानातल्या एका लष्करी तळाला दिलं गेलं, फोर्ट जॉन्सन. 2025 मध्ये ते काढून पुन्हा फोर्ट पोल्क केलं.

मग करायचं काय?

मला वाटतं, प्रश्न पुरावा मागण्याचा नाहीच. तो कुणाकडून मागायचा, याचा आहे. जिथे फाइल सरकारच्या ताब्यात असताना जळाली किंवा भेदभाव सरकारनेच केला, तिथे शोधायची जबाबदारीही सरकारची हवी. हे शक्य आहे, कारण काही वेळा ते झालंय. 1990 च्या दशकात लष्कराने शॉ युनिव्हर्सिटीला दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीयांच्या नोंदी तपासायला सांगितलं. त्यातून 1997 मध्ये सात जणांना 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं. सातपैकी एकटे वर्नन बेकर हयात होते. पहिल्या महायुद्धातल्या अल्पसंख्याक सैनिकांच्या नोंदींचा असाच शोध पार्क युनिव्हर्सिटीचं केंद्र घेतंय. यात घरच्यांनी अर्ज करायची वाट बघितली जात नाही, यादी करून एकेक नाव तपासलं जातं.

आपल्यापैकी ज्यांनी मार्कशीटवरचं आडनाव दुरुस्त करायला युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर चकरा मारल्यात, त्यांना यातला वैताग अर्धा तरी कळेल. फरक इतकाच की, आपण स्वतः जाऊन 'हा मीच' म्हणू शकतो.

साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीपासून कोकणापर्यंत आपल्याकडे घरोघरी फौजी आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादे आजोबा असतील, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. युनिट कोणतं, साल कोणतं, सोबत कोण होतं, तारखेसकट लिहून घ्या. ट्रंकेतल्या कागदांचे फोटो काढून ठेवा. फाइल हरवली तर उरते ती सोबत्यांची साक्ष, आणि ती देणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत.