जळून उरलेली कथा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एका जुन्या स्नेह्यांच्या आग्रहावरून खुलताबादेस आठ दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. घर एकत्र कुटुंबाचे. आजोबा-आजी, तिघे मुलगे, सुना आणि सुटीमुळे गोळा झालेली नातवंडे मिळून पंधरा-सोळा माणसे. गाव डोंगरमाथ्यावर वसलेले असल्यामुळे रात्री गच्चीवर वारा बरा असे, आणि जेवणे आटोपली की सारी मंडळी तेथे जमत.

पहिल्याच रात्री आमच्यापुढे एक तक्रार आली. बारा वर्षांची नात दिवसभर एका जाडजूड इंग्रजी कादंबरीत डोके खुपसून बसते. कादंबरी कुठल्याशा कल्पित राज्याची. तीत मंतरलेल्या तलवारी, बोलणारे पक्षी आणि आग ओकणारे सर्प. आणि इतके करून हा म्हणे नुसता पहिला भाग! आजोबांनी ते पुस्तक सकाळीच कपाटात बंद केले होते. "असल्या भाकडकथांतून हिच्या पदरात काय पडणार, सांगा बरे!" असे त्यांनी आम्हांस विचारले, आणि यजमानांची भीड म्हणा की वयाचा दोष म्हणा, आम्हीही मान डोलाविली.

मुलगी रडली नाही. तिने एवढेच विचारले, "आजोबा, तुम्ही त्यातले एक तरी पान वाचले आहे का?" आजोबांना उत्तर सुचले नाही, आणि आम्हांसही.

त्या रात्री आम्हांस लवकर झोप आली नाही. भाकडकथा म्हणून आम्ही जिला हिणविले, तसल्याच एका अफाट कथामालेचे मूळ ह्याच जिल्ह्यातील पैठणास, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीत, सांगतात; ती कथाही अशीच न वाचता नाकारली गेली होती, हे आठवून आमचे आम्हांसच ओशाळल्यासारखे झाले. गुणाढ्याची 'बृहत्कथा' ती हीच. मूळ पैशाची भाषेतील ग्रंथ आज उपलब्ध नाही. नेपाळात सापडलेला बुधस्वामीचा 'श्लोकसंग्रह', काश्मीरच्या क्षेमेंद्राची 'मंजरी' आणि काश्मीरच्याच सोमदेवाचा 'कथासरित्सागर' ह्यांवरून तिची ओळख पटते. सोमदेवाने आपला ग्रंथ अकराव्या शतकात अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनार्थ रचिला. त्यात 18 लंबक, 124 तरंग आणि एकवीस हजारांहून अधिक श्लोक आहेत. त्यातील पहिला लंबक 'कथापीठ'. त्याचे तरंग आठ. सुदैवाने यजमानांच्या संग्रही त्याचे मराठी भाषांतर निघाले. सात रात्री उरल्या होत्या. शेवटच्या रात्री दोन तरंग वाचावयाचे असे ठरवून आम्ही सकाळी बालगोपाळांस घेऊन घाट उतरलो व वेरूळ गाठले.

कैलास लेण्यात रावण पर्वत हालवीत असल्याचे जे प्रसिद्ध शिल्प आहे, त्यापुढे मुलांना उभे केले. वर शंकर निश्चिंत बसलेले, पार्वती भिऊन त्यांस बिलगलेली, आणि तिची दासी पाठ फिरवून पळत सुटलेली. "आपली गोष्ट ह्याच पर्वतावर सुरू होते," असे आम्ही सांगितले.

पार्वती शंकरांजवळ हट्ट धरते की, आजवर कोणी ऐकली नाही अशी गोष्ट सांगा. नंदीस दारावर बसवून शंकर सात विद्याधर चक्रवर्तींची कथा सांगतात. पुष्पदंत नावाचा गण योगबळाने अदृश्य होऊन आत शिरतो, सारी कथा ऐकतो आणि घरी जाऊन बायकोला सांगतो. बायको जया ही पार्वतीचीच सेविका. ती तीच गोष्ट पार्वतीस ऐकविते! मग काय विचारता? शाप, आणि मध्ये पडणाऱ्या माल्यवानासही शाप. मुलांनी शिल्पातील पळणारी दासी हीच जया, असा निकाल तेथल्या तेथे देऊन टाकला.

रोज रात्री एक तरंग ह्याप्रमाणे वाचन चालले. पुष्पदंत कौशांबीस वररुची होऊन जन्मतो आणि विंध्यारण्यात काणभूती नामक पिशाचास ती कथा सांगून मुक्त होतो. वररुची तपाला गेला असता त्याची पत्नी उपकोशा तिच्या मागे लागलेल्या पुरोहितास, कोतवालास व मंत्र्यास काजळ फासून एकाच पेटीत कोंडते, आणि ठेव बुडवू पाहणाऱ्या सावकाराविरुद्ध त्याच पेटीची साक्ष राजापुढे काढते. ह्या प्रसंगाला सुनांच्या बाजूने जो हशा पिकला, तो खालच्या आळीपर्यंत गेला असावा. पुढील लंबकांत स्त्रीजातीविषयी पुष्कळ अनुदार कथा आहेत, आणि काही मुलांपुढे वाचण्याजोग्या नाहीत; तेथे वडिलांनी निवड करावी हे बरे. पहिल्या लंबकातील उपकोशा मात्र घरोघर ठाऊक असावी.

सहाव्या रात्री मोदकांची गोष्ट आली. जलक्रीडेत राणी सातवाहन राजास म्हणते, "मोदकैः ताडय." तिचे म्हणणे 'मा उदकैः', म्हणजे पाण्याने मारू नका, राजा संधी न ओळखता मोदकांचे ताट मागवितो! लाजलेल्या राजास सहा वर्षांत व्याकरण शिकवितो असे गुणाढ्य म्हणतो. शर्ववर्मा सहाच महिने मागतो. ते साधले तर संस्कृत, प्राकृत व देशी ह्या तिन्ही भाषा सोडीन, अशी पैज गुणाढ्य लावतो आणि हरतो. आजोबा निवृत्त संस्कृत शिक्षक. ते त्या रात्री मुलांहून मोठ्याने हसले.

शेवटच्या रात्री मात्र कोणी हसले नाही. मूक झालेला गुणाढ्य विंध्यात जातो, पिशाचांची भाषा शिकतो, काणभूतीकडून कथा ऐकतो आणि सात वर्षांत सात लक्ष श्लोक लिहितो; अरण्यात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्य तो ग्रंथ घेऊन प्रतिष्ठानास जातात. राजा आता व्याकरण शिकलेला! भाषा पैशाची, लेखन रक्ताचे, एवढे पाहून तो ग्रंथ परत पाठवितो. गुणाढ्य अग्नी पेटवितो आणि एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवून आगीत टाकितो. पशू चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहतात. इकडे सुकलेले मांस खाऊन राजा आजारी पडतो, कारण शोधीत अरण्यात येतो, तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेलेले असतात. शिष्यांना आवडे म्हणून राखलेली नरवाहनदत्ताची एक लक्ष श्लोकांची कथा तेवढी हाती लागते. ती भूतलावर कशी आली हे लोकांस कळावे, म्हणून राजा 'कथापीठ' रचितो.

मालेच्या पहिल्या ग्रंथाचे काम पुढील भूमीची ओळख करून देण्याचे व वाचकाचा विश्वास संपादण्याचे असते. टोल्किन ह्या इंग्रज पंडिताने 1954 साली आपल्या मुद्रिकेच्या कथेचा पहिला भाग प्रसिद्ध केला, तेव्हा त्यानेही ही कथा एका जुन्या हस्तलिखितावरून घेतली आहे असाच बहाणा केला. आमचे 'कथापीठ' ह्याहून धीट आहे. त्यात नायक नरवाहनदत्त जन्मासही येत नाही. तो जन्मतो चौथ्या लंबकात. पहिला लंबक कथा कशी गमावली आणि काय उरले एवढेच सांगतो, आणि जो ऐकतो त्याच्यावर उरलेले जपण्याची जबाबदारी टाकतो.

वाचन संपल्यावर नातीने विचारले, "राजाने न वाचताच नको म्हटले ना?" आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. आम्हीही खाली पाहिले.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा कपाट उघडे होते. आजोबा ओसरीवर चष्मा लावून ते जाड इंग्रजी पुस्तक स्वतःच वाचीत बसले होते आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ नातीला विचारीत होते. "अजून पटलेले नाही हं," ते आम्हांस म्हणाले, "पण नाही म्हणायचे तर वाचून म्हणेन."

आमच्या वाचकांच्या घरीही असे एखादे कपाट असेलच. सुटी संपण्यापूर्वी त्याची किल्ली शोधावी.