पॅराक्वाट आणि पाण्याची बाटली

पाच कार्बन व एक नायट्रोजन अशा सहा अणूंचे कडे म्हणजे पिरिडीन. हे नाव शेतकरी बंधूंच्या कानी सहसा पडत नाही. परंतु त्याचे कूळ त्यांच्या परिचयाचे आहे. तंबाखूतील निकोटीन त्यातलेच आणि भुईमुगातील नियासिन हे जीवनसत्त्वही त्यातलेच. अशी दोन कडी जोडून पॅराक्वाट हे तणनाशक बनते. १९६२ पासून ते बाजारात आहे.

हिरव्या पानात उन्हाच्या बळावर जे कार्य चालते, त्यातील शक्ती पॅराक्वाट मध्येच हिरावून घेते व प्राणवायूला घातक रूप देते. त्यामुळे तण काही तासांतच करपू लागते. मात्र ते जमिनीतील गाठींपर्यंत पोहोचत नाही. म्हणून लव्हाळा व हरळी पुन्हा फुटतात. गढूळ पाण्यात कालवले तर मातीच्या कणांना चिकटून त्याचा गुण जातो. लव्हाळ्याच्या रानात त्यावर पैसा घालणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. पिकाच्या ओळींत कोळपे चालत असेल तेथे तर त्याची गरजच काय?

परंतु खरा प्रश्न खर्चाचा नव्हे. या विषावर उतारा नाही. एखादा घोटही प्राणघातक ठरू शकतो. पहिले एकदोन दिवस रोगी बरा भासतो, घरची मंडळी निर्धास्त होतात. पुढे मूत्रपिंडे व फुप्फुसे निकामी होतात. डब्यावरील पिवळा त्रिकोण पाहून पुष्कळांना ते तांबड्या त्रिकोणाच्या औषधांहून सौम्य वाटते. हा समज घातक आहे. केरळ राज्याने २०११ साली त्यावर बंदी घातली, ती उगीच नव्हे.

असे द्रव्य शेजाऱ्याला पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून देण्याची रीत आपल्याकडे आहे. सुटी विक्री तर १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखालील नियमांना धरून नाहीच. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीची मात्रा सांगण्यापूर्वी डबा कोठे ठेवला आहे, हे विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजारधर्म पाळावयाचा तर मूळ डबाच न्यावा व परत आणावा.

अंगावर सांडल्यास कपडे तत्काळ काढून साबणाने धुवावे. पोटात गेल्यास मीठपाणी पाजून उलटी करविण्यात वेळ दवडू नये. लक्षणांची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे आणि डबा सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना विषाचे नाव शोधत बसावे लागणार नाही.