जुन्या मालमोटारीचें मूळ रूप कसें ओळखावें ?

जुनी मालमोटार पुन्हां उभी करूं इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंचा पहिला प्रश्न असतो : "ही मूळची कोणती ?" उत्तर बहुधा पुढील नांव वाचून किंवा इंजिन पाहून दिलें जातें. आमच्या मतें याच दोन गोष्टींवर सर्वांत कमी भरंवसा ठेवावा.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचेंच उदाहरण घ्या. ही कंपनी १९४४ सालीं स्थापन झाली. क्रायस्लर कंपनीशीं झालेल्या करारान्वयें तिच्या कारखान्यांत गाड्या जुळविल्या जात, आणि जवळजवळ एकच मालमोटार डॉज, फार्गो व डी सोटो अशा नांवांनीं विकली जाई. तेव्हां फार्गोचा भाग मिळत नाहीं म्हणून हताश झालेल्यानें डॉजचा लावून पाहण्यास हरकत नाहीं.

इंजिन तर याहून फसवें. खर्च वाचावा म्हणून कित्येक गाड्यांतील पेट्रोल-इंजिन काढून तेथें पर्किन्सचें डीझेल-इंजिन बसविण्यांत आलें. पर्किन्स पी-६ हें सहा सिलिंडरांचें, सुमारें ४.७ लिटरचें. नंतरचें ६.३५४ हें ५.८ लिटरचें; ३५४ हा आंकडा घन इंचांचा. हें इंजिन १९६० सालीं प्रथम निघालें. तेव्हां त्यापूर्वींच्या सांगाड्यावर तें दिसल्यास मागाहून बसविलें हें उघडच आहे.

हा केवळ हौसेचा वाद नव्हे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं असें मोठें इंजिन पाहून गाडीची भारशक्ति ठरविली, आणि कांद्यानें भरलेल्या गाडीचे मागील पाटे घाटांत तुटले. प्राणहानि झाली नाहीं, हें नशीब. गाडी किती ओढील हें इंजिन सांगतें. किती पेलील आणि उतारावर थांबेल कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नसतें.

म्हणून आरंभ सांगाड्यापासून करावा. गंज व रंग हलक्या हातानें काढून ठोकलेला क्रमांक वाचावा. कानस मुळींच चालवूं नये. पुढील व मागील चाकांच्या मध्यबिंदूंतील अंतर मोजावें. पाट्यांची संख्या, रुंदी व जाडी टिपावी. इंजिनाखालीं रिकामीं भोकें किंवा नवें वेल्डिंग असल्यास अदलाबदलीचा संशय धरावा. क्राऊन-पिनियनचें प्रमाण पाहण्यास मागील एकच बाजू जॅकवर उचलावी, उरलेल्या चाकांस दगड लावावे व गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा. उचललेलें चाक पूर्ण दोनदां फिरवितांना प्रॉपेलर शाफ्ट जितके फेरे घेईल, तें प्रमाण. टायरावरील आंकडा मात्र गौण. टायर कितीदां बदलले असतील कोण जाणे!

बाजारांत हल्लीं नव्यानें कोरलेल्या "मूळ" पाट्या मिळतात. त्या लावणें आम्हांस सर्वस्वी गैर वाटतें, कारण पुढील मालक तिजवर विसंबून माल भरील. जें माप मिळालें नाहीं, त्याची जागा वहींत कोरीच ठेवावी. आणि कोणाच्या माळ्यावर जुनी मालक-पुस्तिका पडली असेल तर ती रद्दींत घालण्यापूर्वीं गांवच्या मिस्त्रीस अवश्य दाखवावी.